भूल-सुधार, फोटोसह

काकू गेल्याची बातमी मला इंदूरला दादाच्या फोनवरून कळली. पण खरा धक्का बसला तो तिसऱ्या दिवशी, बसमध्ये. चक्रतीर्थाच्या स्मशानातलं सगळं आटोपून मी कपडे आणायला इंदूरला गेले होते आणि उठावन्यासाठी पुन्हा उज्जैनला निघाले होते. आमच्याकडे, उज्जैनच्या मराठी घरांत, दहावं-तेरावं तर होतंच, शिवाय तिसऱ्या दिवशी उठावनाही होतो. लोक येऊन तासभर बसतात, फोटोला फूल वाहतात आणि जातात. त्यासाठी त्या सकाळच्या पेपरात चौकट द्यायची, चौकटीत गेलेल्या माणसाचा फोटो द्यायचा, ही इथली रीत. बस नानाखेड्याच्या स्टँडमध्ये शिरत होती. शेजारच्या गृहस्थांनी उतरण्याआधी पेपरची घडी घालायला पान उलटलं, आणि त्या पानावर काकू होती. गुलाबी काठपदर, खांद्यावर चापून बसवलेला पदर, मागे निळं आकाश. ती साडी काकूची नव्हती. ते खांदेही काकूचे नव्हते. स्टुडिओवाले कोणाच्याही चेहऱ्याखाली असं तयार धड बसवून देतात, पुरुषांना कोट, बायकांना काठपदर. पण कपाळावर चिकटलेल्या बटा मात्र तिच्याच होत्या, आणि त्या ओल्या होत्या. कोरडी साडी आणि ओले केस... एवढं दिसलं आणि तो फोटो कुठला आहे ते मला कळलं. मी त्या गृहस्थांच्या हातातून पेपर जवळजवळ ओढूनच घेतला. "रख लो बेटा, हमारा पढ़ा हुआ है," ते म्हणाले.

ज्या बाईने इतकी वर्षं आपला चेहरा कुठेही छापू दिला नाही, तिचा तोच फोटो, त्याच पेपरात, ती बोलू शकत नसताना. हा योगायोग आहे यावर माझा विश्वास बसला नाही. अजूनही पटकन बसत नाही. कोणी दिला, कोणी घेतला, घेताना कोणी विचारलं का... हे प्रश्न माझे नाहीत, काकूचेच आहेत. तिने मला शिकवले आणि जाताना माझ्याकडे ठेवून गेली.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका बँकेच्या नोकरीत बदली होऊन साताऱ्याकडून इथे आले आणि इथलेच झाले. पाठोपाठ माझे वडीलही आले. फ्रीगंजमध्ये टावर चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं घर, दोन कुटुंबं आणि एकच स्वयंपाकघर. काकूला मूल नव्हतं. दादा आणि मी होतो. ती शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची, आणि ते धड्यापुरतं ठेवायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नसावं. नळाला गढूळ पाणी आलं, काढ पत्रक. शाळेने मुलींच्या सहलीचे पैसे परत केले नाहीत, काढ पत्रक. इतर मुलं अंकलिपी वाचून अक्षर ओळखायला शिकली असतील, मी काकूच्या पत्रकांवर शिकले. मी लिहायला लागल्यावर पहिला मसुदा तिलाच दाखवायचे, आणि ती पेन घेऊन विशेषणं छाटायला बसायची. "'निर्लज्ज' कशाला? काय झालं ते लिही ना बाई. राग वाचणाऱ्याला येऊ दे. सगळा तूच करून ठेवलास तर त्याने काय करायचं?" या लेखात जिथे जिथे विशेषण सुटलं असेल, तिथे तिचं पेन पोचलेलं नाही असं समजावं.

तो फोटो काका गेल्यानंतरचा. दहाव्याच्या क्रियेसाठी सगळे भैरवगढला सिद्धवटाच्या घाटावर गेले होते. गुरुजी म्हणाले, मुलगा नाही तर पुतण्याला बसवू. काकू म्हणाली, "नवरा माझा होता, मी बसते." आणि बसली. पिंडदान झाल्यावर ती क्षिप्रेत उतरली. आई काठावर कोरडी साडी घेऊन उभी होती. त्या दिवशी नेमकं पर्व होतं, घाटावर स्नानाला गर्दी होती, त्यामुळे पेपरांचे फोटोग्राफरही होते. दुसऱ्या दिवशी शहराच्या पानावर, वरच्या अर्ध्या भागात, काकू. पाण्यातून वर येत असलेली, अंगाला चिकटलेली साडी, कपाळावर केस, चेहरा वर. खाली ओळ होती, 'पर्व पर शिप्रा में आस्था की डुबकी'.

आस्था! काकूने घरातला देव्हारासुद्धा आईच्या हवाली केला होता. मी मोठी झाल्यावर तिने मला एकदाच सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. "घरात माणसांची रीघ होती गं. रडायला जागाच नव्हती. पाण्यात कोणाला कळत नाही म्हणून तिथे रडले... तर ते गावभर वाटलं त्यांनी." बायकांच्या ओल्या अंगावर भक्तीची ओळ चिकटवली की सगळं पवित्र होतं, हा धंदा तिला तोवर ठाऊक नव्हता असं नाही. दर पर्वाला असे फोटो येत होते, आपणही ते बघून पान उलटत होतो. पण फोटोतल्या बाईला कोणी विचारलं असेल का, हा प्रश्न तिला स्वतः फोटोत गेल्यावर पडला, आणि मग तिने तो सोडला नाही.

ती पेपरच्या कचेरीत गेली. सोबत आई होती, त्यामुळे तिथलं बोलणं आमच्या घरात नंतर कितीदा तरी झालं. संपादकांनी चहा मागवला. "माताजी, इसमें अश्लील क्या है? श्रद्धा का चित्र है." काकू म्हणाली, "मेरे पति का दसवाँ था. आपने मुझसे पूछा?" ते म्हणाले, घाट सार्वजनिक जागा आहे. काकू म्हणाली, "घाट सार्वजनिक है. मैं नहीं हूँ." आणि चहा न पिता उठली. आईला त्या चहाचं फार वाईट वाटलं होतं. "एवढा मसाल्याचा चहा होता," ती अजून म्हणते.

चार-पाच दिवसांनी पेपरने भूल-सुधार छापला. आतल्या पानावर, तळाला. अमुक तारखेच्या छायाचित्रातील महिला पर्वस्नानासाठी आलेल्या नसून फ्रीगंजच्या रहिवासी अमुक अमुक आहेत, दिवंगत पतीच्या क्रियेसाठी आल्या होत्या, चुकीच्या ओळीबद्दल खेद आहे. आणि वाचकांना कुठलं छायाचित्र ते कळावं म्हणून सोबत तेच छायाचित्र, छोटं करून. आधी ती निदान अनोळखी बाई होती. भूल सुधारल्यावर तिला नाव मिळालं, पत्ता मिळाला, वैधव्य मिळालं. शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. ओळ चुकली याचा खेद होता, फोटो घेतला याचा नव्हता. त्यांना तो फरक कळला नाही, की कळून त्यांनी असं केलं? काकू म्हणायची, कळला नसेल. मला तिचा हा एकच निष्कर्ष पटत नाही.

त्यानंतर तिने खेद मागणं सोडलं, माझा चेहरा पुन्हा छापू नका असं पेपरला लेखी कळवलं आणि पत्रक काढलं. साधा कागद, एका बाजूला मजकूर, फोटो नाही. हिंदीत, कारण वाचणारे हिंदी होते. 'मेरी फोटो किसने खींची, किसने चुनी, और दोनों में से किसने मुझसे पूछा?' एवढंच मोठ्या अक्षरात, आणि खाली काय घडलं ते पाच-सहा ओळींत. पण खरी गंमत पत्रक वाटण्याच्या रीतीत होती. टावरखाली पहाटे पेपरवाले बसून गठ्ठे सोडतात, पुरवण्या आत घालतात, कोचिंग क्लासची आणि साड्यांच्या सेलची पत्रकं घालतात. काकू तिचा गठ्ठा घेऊन त्यांच्यात जाऊन बसली, पदर खोचला आणि त्याच पेपरच्या पोटात आपलं पत्रक घालायला लागली. एका पेपरवाल्याने वाचलं आणि हसला. "दीदी, अखबार के पेट में अखबार की ही शिकायत?" काकू म्हणाली, "जिस रास्ते फोटो गई, उसी रास्ते जाएगी ना." त्या सकाळी ज्यांच्या दारात पेपर पडला त्यांच्या दारात तिचा प्रश्नही पडला. पेपरच्या माणसांना दुपारी कळलं, आणि तिचं काहीही घालायचं नाही अशी पेपरवाल्यांना तंबी आली. मग ती टावर चौकात उभी राहून हाताने वाटत राहिली. पुढच्या पर्वाला फोटो घाटाच्या लांबून काढलेला होता. त्याच्या पुढच्या पर्वाला पुन्हा जवळून. या 'सुधारणे'बद्दल कोणी कौतुकाने बोललं की काकू फक्त म्हणायची, "बघू."

तेव्हापासून ती कोणालाच फोटो काढू देत नसे. आधारकार्डासाठी तेवढा दिला. "त्यांनी निदान समोर बसवून काढला," असं म्हणून. लग्नामुंजीत ग्रुप फोटोची वेळ आली की ती रागावून निघून जायची असं मात्र नाही. उलट फोटोग्राफरच्या शेजारी जाऊन उभी राहायची आणि तिथून हुकूम सोडायची, पहिला दादाला. "अरे प्रकाश, पोट आत घे. मागच्या ओळीतले, हसा की जरा, उठावन्याला आलात काय?" फोटोग्राफर वैतागायचे. एकाने विचारलं होतं, "आंटीजी, आप कैमरे में नहीं आएँगी?" ती म्हणाली, "तुम सबको देखो, मैं तुम्हें देख रही हूँ." आम्ही हसलो होतो. तो नंतर पूर्ण वेळ जपून फोटो काढत होता.

तर ही बाई गेली, आणि तिसऱ्या दिवशी तो पेपर माझ्या हातात होता. स्टँडवरून मी घरी गेलेच नाही, सरळ कचेरीत गेले. पहिला संशय अर्थातच त्यांच्यावर. जुना फोटो त्यांच्याच संग्रहात असणार, चेहरा कापायला किती वेळ लागतो? जाहिरातींच्या टेबलावर एक मध्यमवयीन गृहस्थ होते. मी पान समोर ठेवलं, सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मैडम, फोटो आपके घर से ही आई है. हम तो जो आता है वही लगाते हैं." मी म्हटलं, हा तुमच्याच पेपरातला फोटो आहे, या बाईंनी तुम्हाला लेखी कळवलं होतं, माझा चेहरा पुन्हा छापू नका. त्यांनी चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं. "ये? ये तो साड़ी के शोरूम की उद्घाटन वाली फोटो लग रही है." मग माझा चेहरा बघून ते जरा घाबरले असावेत. खुर्ची पुढे सरकवून, अगदी मनापासून म्हणाले, "आप कहें तो कल भूल-सुधार छाप दें. फोटो के साथ."

कुचेष्टा असती तर बरं झालं असतं. माणूस खरोखर मदत करत होता. त्या टेबलावर इतक्या वर्षांत माणसं बदलली, यंत्रं बदलली, आणि चुकीवरचा उपाय मात्र तोच राहिला. काकूची लेखी सूचना कोणाकडे आहे, ती कोणी पाळायची असते, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. 'घरून आली' म्हटलं की त्यांची जबाबदारी संपली. बातमीचा फोटो 'सार्वजनिक जागेतून' येतो, उठावन्याचा 'घरून' येतो. फोटोतल्या माणसाला विचारायची पाळी कुठेच येत नाही. मी त्यांना म्हटलं, "छापू नका. काहीच छापू नका." ते म्हणाले, "जैसी आपकी इच्छा." माझी इच्छा त्यांनी लगेच विचारात घेतली. काकूला हे जमलं नव्हतं.

घरी आले तर समोरच्या खोलीत पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, आणि स्टुलावर तोच फोटो, मोठा करून, फ्रेममध्ये, वर हार. दादा उदबत्त्या लावत होता. दुसरा संशय त्याच्यावर. दादाला पेपरात नाव येण्याची हौस आहे, चौकटीच्या खाली 'शोकाकुल' म्हणून पहिलं नाव त्याचंच होतं. मी दारातूनच विचारलं, "हा फोटो कुठून आणलास?"

"स्टुडिओतून. चांगला केलाय ना?"

"स्टुडिओत कुठून गेला?"

"अरे यार, मिनू, आल्या आल्या बवाल नको करू. माझ्या मोबाइलवर आला होता. फोटो नसेल तर चौकट कशी देणार? आधारकार्डावरचा लावला असता का, त्यात तर ती चोर पकडल्यासारखी दिसते."

"कोणी पाठवला?"

दादाची नजर स्वयंपाकघराकडे गेली.

आईवर मला संशय आलाच नव्हता. बाहेरच्या माणसांवर धरलेला संशय सोपा असतो, तो धरून ताठ उभं राहता येतं. आई ओट्याशी चहाची पातेली मांडत होती. मी विचारल्यावर तिने लपवलं नाही. तो पेपर तिच्याकडे होता. भूल-सुधाराचा नव्हे, पहिला, मोठा फोटो असलेला. काकूने घरातल्या सगळ्या प्रती बंबात घातल्या होत्या, तेव्हा आईने एक आपल्या पैठणीच्या घडीत ठेवली होती. दादाने फोटो मागितला तेव्हा तिने ती काढली, मोबाइलने त्या पानाचा फोटो घेतला आणि पाठवला. "उठावन्याला फोटो नाही, असं कसं चालेल? लोक काय म्हणतील, जाऊ म्हणून मी एवढंही केलं नाही?"

"आई, तुला माहीत होतं. तू तिच्याबरोबर कचेरीत गेली होतीस."

"गेले होते ना. आणि बरोबर होत्या त्या, अजून म्हणते." आईने पातेलं उगीचच उचलून दुसरीकडे ठेवलं. "पण त्या रडलेल्या मी फक्त तेव्हाच पाहिल्यात गं. एका ओट्यावर आयुष्य गेलं आमचं. भावजी गेले, नंतर तुझे बाबा गेले, मी त्यांच्या गळ्यात पडून रडले, त्या नाही रडल्या. मी काठावर साडी धरून होते, त्या वर आल्या आणि त्यांचा चेहरा... तो मला हवा होता. पेपराला नाही, मला."

मला राग आला होता, तो तसाच होता, आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. पेपरने काकूचं रडणं न विचारता घेतलं. आईनेही न विचारताच घेतलं, फक्त तिने पैठणीत ठेवलं. हे दोन्ही सारखं नाही. पण तो फोटो पैठणीतून निघून मोबाइलवर गेला, मोबाइलवरून स्टुडिओत, तिथून पेपरात, आणि वाटेत एकाही माणसाने थांबून म्हटलं नाही की ही बाई नको म्हणाली होती. काकूचा नकार तिच्याबरोबरच गेला असं सगळ्यांनी धरलं. तिची भांडी, तिची पुस्तकं, तिचं कपाट कोणाला द्यायचं यावर घरात बोलणं झालं होतं. तिचा नकार कोणाकडे, यावर नाही.

मी आईला म्हटलं, "ती आत्ता इथे असती तर तू हा फोटो स्टुलावर ठेवला असतास?"

आईने गॅस बंद केला, हात पुसले, बाहेर गेली आणि हार काढून फ्रेम आत नेऊन पालथी ठेवली. दादा म्हणाला, "अगं आई, लोक येतील आता! हार कुठे घालायचा मग?" आई म्हणाली, "हाराचं बघू नंतर." त्या उठावन्याला लोक आले, रिकाम्या स्टुलाकडे बघत बसले. दोघी-तिघींनी फुलं हातातच ठेवली आणि जाताना आईच्या हातात दिली. काहींना वाटलं, फ्रेम वेळेवर झाली नाही. कुणीतरी दादाला स्टुडिओवाल्याचं नाव विचारून घेतलं, त्याच्याकडे जाऊ नये म्हणून.

नंतर मी पत्रक लिहिलं, विशेषणं काढून. टावरखालच्या पेपरवाल्यांनी ते घातलं, या वेळी कोणी तंबी दिली नाही. ही प्रगती आहे की आता पत्रकाला कोणी घाबरत नाही, ते मला ठरवता आलेलं नाही. घाटावर आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो, पाण्यातली बाई पेपरात यायच्या आधी शंभर ठिकाणी गेलेली असते. काकू शेवटी शेवटी म्हणायची, "आता कोणाच्या कचेरीत जाऊ मी?" तरी पेपरला विचारायचंच. तो स्वतःला जबाबदार म्हणवतो, म्हणून त्यालाच विचारायचं. या लेखासाठीही पुरवणीच्या संपादकांनी तिचा फोटो मागितला. जागा ठेवली आहे म्हणाले. मी नाही म्हटलं, ते बरं म्हणाले. हा मजकूर छापून हातात पडेपर्यंत मी ते 'बरं' खरं धरणार नाही.

महिन्याच्या श्राद्धाला मी घरी गेले तेव्हा समोरच्या भिंतीवर एक फ्रेम होती. आईने कपाटातून दादाच्या लग्नातला ग्रुप फोटो काढून लावला होता. त्यात आम्ही सगळे आहोत, काकू नाही. "याला हार घालता येत नाही, सगळे जिवंत आहेत यात," आई म्हणाली आणि ओंजळभर शेवंती भिंतीसमोरच्या मोकळ्या फरशीवर ठेवली, जिथे फोटो बघणारा उभा राहील त्याच्या किंचित डावीकडे. तिथेच का, ते मला आधी कळलं नाही. मग मी फोटोसमोर उभी राहिले. दादाने पोट आत घेतलं आहे. मागच्या ओळीतले हसताहेत. आणि आमच्यातला एकही जण कॅमेऱ्याकडे बघत नाही. सगळ्यांची नजर जराशी बाजूला आहे, एकाच जागी... त्या फोटोसमोर जो उभा राहतो तो थोड्या वेळाने खांद्यावरून मागे वळून बघतो.